इंजिन बसतं, चेंबर बसत नाही



गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून एका मराठी मुलाचा मेसेज आला. त्याने तिकडे १९६७ सालची शेव्हरोलेट शेव्हेल घेतली आहे. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची. मूळ इंजिन दमलंय. त्याजागी भंगारातल्या एका पिकअप ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ बसवायचं म्हणतोय. प्रश्न एवढाच होता : "काका, हेडर कोणते घेऊ आणि ऑइल पॅन कोणता?" याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण ते असंच का, हे समजायला ऐंशी-नव्वद वर्षं मागे जावं लागतं, म्हणून आजचा भाग त्यावर.

ऑइल पॅन म्हणजे आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला चेंबर म्हणतात तो. "साहेब, चेंबर फुटला" हे वाक्य ज्याने घाटात ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. इंजिनच्या पोटाशी बोल्टांनी आवळलेलं एक भांडं. त्यात तेल साठतं. भांड्याचा एक भाग खोल असतो, त्याला संप म्हणतात. त्या खोलगटात जाळीचं तोंड बुडालेलं असतं, तिथून पंप तेल ओढून बेअरिंगांना पोचवतो. जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंगवरचा तेलाचा पदर नाहीसा होतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीत असताना लिलावात निघालेली एक जुनी विलीज जीप मी हौसेने घेतली आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायला काढलं. फोर बाय फोर जीपमध्ये पुढचा डिफरन्शियल इंजिनच्या खालीच असतो. खड्ड्यात चाक वर आलं की तो वर येतो आणि चेंबरला आपटतो. मग आम्ही चेंबर पुढून कापला, उथळ केला, वेल्डिंग मारलं आणि जाळीची नळी इंचभर वर वाकवली. सपाटीवर गाडी सुरेख चालली. खंबाटकीच्या चढावर तेल मागे गेलं, जाळी उघडी पडली, काटा शून्याकडे झुकला. मी म्हटलं, मीटर खराब असेल. वर पोचेपर्यंत कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजायला लागलं होतं. इंजिन निवडायला मी तीन महिने घालवले होते आणि चेंबर एका दुपारी कापला होता.

आता इतिहासाकडे येऊ.

१९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ आणलं. २२१ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, वरचं हेड सपाट, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणत. त्याचा एक दोष शेवटपर्यंत गेला नाही. जळलेला धूर बाहेर पडण्याआधी ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या मार्गाला खेटून जायचा. शिवाय प्रत्येक बाजूला सिलिंडर चार आणि धुराची तोंडं तीनच, कारण मधले दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास सोडत. त्यामुळे इंजिन तापायचं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या इंजिनांवर काम सुरू केलं तेव्हा कारखान्याचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून नळ्या वाकवून लावणं ही अगदी पहिल्या उद्योगांपैकी एक गोष्ट होती. धूर मोकळा केला की ताकद मिळते हे त्यांना आकडेमोडीआधी कानाने कळलं होतं.

ही पोरं म्युरॉक नावाच्या कोरड्या सरोवराच्या तळावर गाड्या पळवत. तिकडच्या क्लबांनी १९३७ साली आपली संघटना बांधली. पुढे युद्ध आलं आणि म्युरॉक लष्कराने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. फौजी म्हणून मला यातला पुढचा भाग जास्त भावतो. १९४५ नंतर हजारो तरुण फौजेतून परतले, आणि त्यांतले कितीतरी वेल्डिंग, लेथ, इंजिन दुरुस्ती शिकूनच आले होते. लढाऊ विमानांच्या पंखाखाली लटकवायच्या पेट्रोलच्या जादा टाक्या बाजारात आल्या होत्या. त्या टाकीतच इंजिन आणि माणूस बसवून लोकांनी शर्यतीच्या गाड्या केल्या. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं आणि घरामागच्या शेडमधला हा उद्योग देशभर पसरला.

१९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाईल यांची नवी व्ही-८ आली. व्हॉल्व्ह हेडमध्ये, ताकद फ्लॅटहेडच्या कितीतरी पुढे. ती जुन्या फोर्डमध्ये बसू लागली. कॅडिलॅकचं इंजिन घातलेल्या स्टुडबेकरला तर 'स्टुडिलॅक' असं नावच पडलं. जेम्स बाँडच्या एका कादंबरीत ती गाडी आहे, वाचणाऱ्यांना आठवेल. पण ही इंजिनं जड होती, महाग होती. खरा पालट झाला तो १९५५ च्या मॉडेलबरोबर.

त्या वर्षी शेव्हरोलेटने २६५ घन इंचांचं छोटं व्ही-८ आणलं. एड कोल हे त्यामागचे मुख्य इंजिनिअर. सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनापेक्षाही ते हलकं होतं. पहिल्या वर्षी घाई इतकी की ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची सोयच नव्हती. आपल्याकडचा एक योगायोग सांगतो. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. १९२८ पासून तिथे शेव्हरोलेट जोडल्या जात. तो १९५४ मध्ये बंद झाला, म्हणजे हे इंजिन बाजारात येण्याच्या तोंडावर. त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेली 'शेवरलेट' ही सहा सिलिंडरची, आणि अमेरिकनांच्या मनातली शेव्ही व्ही-८ ही वेगळीच गाडी.

आता या इंजिनाची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण चेंबरचं सगळं कोडं तिथे आहे. शेव्हरोलेटच्या या व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्यूटर मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याच्या खालच्या टोकाने ऑइल पंप फिरतो. म्हणून पंपही मागे, क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगच्या टोपीवर. पंप मागे म्हणून जाळी मागे, आणि जाळी मागे म्हणून चेंबरचा खोल भाग मागे. तेलाला जागा कुठे द्यायची हे करंट वाटणाऱ्या डबीने ठरवलं.

मागे खोल असलेला चेंबर बऱ्याच गाड्यांत छान बसला. जुन्या फोर्डमध्ये पुढे आडवा क्रॉस मेंबर आणि आडवा पाटा. चेंबरचा पुढचा उथळ भाग त्यावरून जाई, खोल भाग त्याच्या मागे उतरे. अडचण वर येई. मागचा डिस्ट्रिब्यूटर फायरवॉलला भिडे, मग लोक फायरवॉल कापून आत ढकलत. शेव्हरोलेटच्याच छोट्या 'शेव्ही टू' गाडीत उलटं झालं. तिथे स्टिअरिंगच्या दांड्या अशा जागी होत्या की मागचा संप चालेना. तेव्हा कंपनीला त्या एका गाडीसाठी खोल भाग पुढे असलेला वेगळा चेंबर करावा लागला. स्वतःचं इंजिन, स्वतःची गाडी, तरी चेंबर नवा.

धुराच्या बाजूला शेव्हरोलेटच्या दैवाने साथ दिली. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या एका बिडाच्या मॅनिफोल्डला मेंढ्याच्या शिंगांसारखा बाक होता. लोक त्याला तेच नाव देत. त्याचं तोंड बरोबर मध्ये आणि खाली. त्यामुळे स्टिअरिंग बॉक्स पुढे असो की मागे, तो बहुतेक गाड्यांत अडत नसे. अदलाबदल करणाऱ्यांनी तो भंगारातून शोधून शोधून नेला. शर्यतीत तो हेडरपुढे टिकत नाही, पण रस्त्यावरच्या गाडीत चाळीस-चाळीस वर्षं टिकला आहे.

फोर्डने १९६२ मध्ये आपलं छोटं व्ही-८ आणलं तेव्हा डिस्ट्रिब्यूटर पुढे ठेवला. मग पंप पुढे, संप पुढे. अगदी आरशातलं प्रतिबिंब. आणि यातून एका गाडीचा जन्म झाला, तिचा मृत्यूही त्यातूनच ओढवला. ती गाडी म्हणजे सनबीम टायगर.

इंग्लंडच्या रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही देखणी, पण अंगात जोर नसलेली गाडी. आपल्या जुन्या मुंबईकरांना याच घराण्यातली हिलमन आठवत असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रूट्सचे विक्री अधिकारी इयान गॅराड यांना वाटलं, हिच्यात व्ही-८ घालावं. त्यांनी आपल्या सर्व्हिस मॅनेजरला लाकडी गजपट्टी देऊन गावातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये पाठवलं. तो एकेक बॉनेट उघडून इंजिनं मोजून आला आणि म्हणाला, फोर्डचं २६० बसेल. कॅरोल शेल्बी यांनी नमुना गाडी केली. १९६४ मध्ये टायगर बाजारात आली.

बसलं, पण कसं बसलं बघा. अल्पाइनची जुनी स्टिअरिंगची रचना नव्या इंजिनाच्या जागेत मावेना. ती काढून रॅक अँड पिनियन घालावं लागलं. रुंदी इतकी तंग होती की कारखान्यात रंगवून आलेल्या बॉडीच्या फायरवॉलच्या कडा कामगार घणाने ठोकून आत दाबत, तेव्हा इंजिन उतरे. एक स्पार्क प्लग बाहेरून हाताला येत नसे. त्यासाठी फायरवॉलला भोक पाडून रबरी बूच दिलं होतं, ते गाडीच्या आतून काढायचं. ज्यांना हेडर म्हणजे नुसत्या वाकवलेल्या नळ्या वाटतात त्यांनी हे भोक आठवावं. नळी, प्लग, स्टिअरिंग आणि माणसाचा हात, या चौघांना त्याच चार इंचांत राहायचं असतं.

मग क्रायस्लरने रूट्सचा ताबा घेतला. आपल्या गाडीत फोर्डचं इंजिन ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांच्याकडेही छोटं व्ही-८ होतं, पण त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागे. टायगरच्या फायरवॉलशी त्याला जागाच नव्हती. सुमारे सात हजार गाड्या झाल्यावर १९६७ मध्ये टायगर बंद झाली. कंपनीच्या राजकारणाने ती मेली हे खरंच, पण डिस्ट्रिब्यूटर पुढे असता तर कदाचित क्रायस्लरने तिला चालू ठेवलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

हेडरचं शास्त्र थोडक्यात. प्रत्येक सिलिंडरमधून धुराचा ठोका निघतो. तो नळीच्या टोकाशी, जिथे चार नळ्या एकत्र येतात तिथे पोचला की कमी दाबाची लाट उलट परतते. ती नेमकी व्हॉल्व्ह उघडा असताना पोचली तर उरलासुरला धूर ओढून घेते आणि नवी हवा आत येते. लांब नळ्यांत ही लाट उशिरा परतते, म्हणजे कमी आणि मध्यम फेऱ्यांना फायदा. आखूड नळ्यांचा फायदा वरच्या फेऱ्यांना. नळी फार जाड घेतली तर धुराचा वेग पडतो आणि शहरातल्या चालीत गाडी उलट मंद वाटते. पावणेदोन इंचांच्या नळीवर ज्याचं काम भागतं त्याने पावणेदोनच घ्यावी. जाडी दाखवायला नसते.

जागेचं शास्त्र मात्र पुस्तकात मिळत नाही. अमेरिकन गाडीत डाव्या हेडरसमोर स्टिअरिंगचा दांडा, क्लचची जोडणी, ब्रेकचे पाइप. उजव्या हेडरजवळ स्टार्टर. ब्रेकच्या पाइपाशेजारून तापलेली नळी गेली तर उतारावर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. स्टार्टर भाजला तर गरम इंजिन चालू होत नाही. म्हणून हेडर निवडताना ताकदीचा तक्ता दुसऱ्यांदा बघायचा, पहिल्यांदा बॉनेटखाली डोकं घालायचं.

आता ह्यूस्टनच्या मुलाचं इंजिन. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलएस-१ आणलं. ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती, ब्लॉक अॅल्युमिनियमचा. दोन सिलिंडरांमधलं अंतर मात्र १९५५ चंच, ४.४ इंच. पुढे याच घराण्याची बिडाची ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिनं लाखो ट्रकांत गेली, आणि ते ट्रक भंगारात गेल्यावर हौशी लोकांच्या शेडमध्ये आली. आज अमेरिकेत 'स्वॅप' म्हटलं की बहुधा हेच.

यात डिस्ट्रिब्यूटर उरलाच नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल. ऑइल पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर. म्हणजे १९५५ पासून चेंबरला बांधून ठेवणारी दोरी सुटली. पंप पुढे, पण जाळीची नळी हवी तेवढी लांब करता येते, त्यामुळे संप कुठेही ठेवा. कंपनीने हे स्वातंत्र्य पुरेपूर वापरलं. कॅमॅरोला मागे खोल चेंबर. कॉर्व्हेटला उथळ, पण दोन्ही बाजूंना वटवाघळासारखे पंख पसरलेला. ऑस्ट्रेलियात बनलेल्या पॉन्टियाक जीटीओला खोल भाग पुढे. ट्रकला मागे आणि भलताच खोल. एकच इंजिन, चेंबर वेगवेगळे, आणि प्रत्येकाच्या आकारात ज्या गाडीसाठी तो केला तिचा क्रॉस मेंबर उमटलेला.

दुसरा बदल जास्त त्रासाचा. जुना चेंबर पत्र्याचा होता. कापा, जोडा, चालतं. एलएसचा चेंबर ओतीव अॅल्युमिनियमचा असतो, गिअरबॉक्सच्या आवरणाचे बोल्टही त्यात येतात, ऑइल फिल्टरही त्यालाच लागतो. तो इंजिनचा हाडामासाचा भाग आहे. तो खंबाटकीच्या जीपसारखा एका दुपारी कापायचा नसतो. चेंबर बदलला की जाळीची नळी, आतला वाऱ्याचा पत्रा, डिपस्टिक हे सगळं त्याच्याच जोडीचं घ्यायचं. नळी पंपाला जिथे जुळते तिथे एक रबरी ओ-रिंग असते. ती चिरली किंवा चुकीच्या मापाची बसली, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि नवं कोरं इंजिन दाब धरत नाही. काही रुपयांची रिंग, पण तिच्यासाठी सगळा चेंबर पुन्हा उतरवावा लागतो.

मी त्या मुलाला लिहिलं ते असं. तुझ्या शेव्हेलमध्ये स्टिअरिंगच्या दांड्या क्रॉस मेंबरच्या मागे आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मधला दांडा चेंबरच्या पुढच्या भागाखालून सरकतो. म्हणून पुढे उथळ आणि मागे खोल असाच चेंबर हवा. इंजिनबरोबर आलेला ट्रकचा चेंबर विसर. तो क्रॉस मेंबरच्या खाली लोंबेल आणि पहिल्याच उंचवट्यावर दगड खाईल. कॅमॅरोचा, नाहीतर याच कामासाठी बाजारात मिळणारा घे. आधी चेंबर लावून रिकामा ब्लॉक गाडीत टांग. इंजिनचे फाउंडेशन तेव्हाच ठरव, कारण उंची चेंबरवर ठरते. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, चाकं जमिनीवर असताना आणि जॅकवर असतानाही. इंजिन चालू झाल्यावर आपल्या फाउंडेशनवर हलतं, तेवढी फट मोजून ठेव. हे झाल्याशिवाय हेडरचा पैसा खर्च करू नकोस. जुन्या शेव्हरोलेटचे हेडर याला लागत नाहीत, कारण जुन्यात मधली दोन तोंडं एकमेकांना चिकटून असतात आणि एलएसची चारही सारख्या अंतरावर. आणि शर्यतीला जायचं नसेल तर अंगाला चिकटून जाणारा बिडाचा मॅनिफोल्ड घे. ताकद थोडी कमी, पण गळणार नाही, तडतडणार नाही, ब्रेकला भाजणार नाही. माझं हे मत तिकडच्या पोरांना म्हातारपणाचं वाटेल. वाटू दे.

आपल्याकडेही ही अदलाबदल खूप झाली आहे, फक्त कारण उलटं. अमेरिकन ताकदीसाठी इंजिन बदलत होते, आपण मायलेजसाठी. मोठमोठ्या डॉज, प्लिमथ गाड्यांत डिझेल इंजिनं घालून त्या टॅक्सीत पळाल्या. ते काम करणाऱ्या मिस्त्रींचे नकाशे कुठे नाहीत. खडूने जमिनीवर काढले आणि पुसले गेले. आज मात्र कुणी उठून हे करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची नोंदणी हवी असेल तर चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. ज्यांच्या घरी आजोबांची गाडी झाकून ठेवली आहे त्यांनी हे आधी बघावं.

ह्यूस्टनहून परवा फोटो आला. ब्लॉक टांगलेला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, आणि दांडा व चेंबर यांच्या फटीत त्याने करंगळी घातलेली. करंगळी सहज गेली आहे. उजवीकडे वळवून घेतलेला फोटो मी मागितलाय.